नको असलेले कमिट काढताना: रिसेट की रिव्हर्ट?

गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) नको ते कमिट, म्हणजे बदलांची नोंद, झालं की आधी एवढंच बघा: पुश केलंय का, म्हणजे ते सर्व्हरवर पाठवलंय का?

केलं नसेल तर रिसेट. ब्रँच (कमिट्सची शाखा) मागच्या कमिटवर सरकते, पुढची कमिट्स लॉगमधून दिसेनाशी होतात. --सॉफ्ट दिलं तर बदल स्टेज केलेलेच, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडलेलेच, राहतात. चार फुटकळ कमिट्सचं एक करायला हे उत्तम. काहीच दिलं नाही तर मिक्स्ड चालतं, म्हणजे बदल फाइलमध्ये राहतात पण स्टेजवरून उतरतात. --हार्ड मात्र फाइलसुद्धा मागे नेतं.

हार्डचा चटका मी खाल्लाय. शेवटची दोन कमिट्स उडवायला 'गिट रिसेट --हार्ड हेड~2' चालवलं. ती दोन्ही नंतर 'गिट रीफ्लॉग'मधून (ब्रँच आधी कुठे कुठे होती त्याच्या नोंदीतून) परत मिळाली, पण दुपारभर एका फाइलमध्ये केलेले, अजून कमिट न केलेले बदल गेले ते गेलेच. निदान 'गिट अ‍ॅड' करून ते स्टेज केले असते, तर 'गिट एफएससीके'ने (सुटलेला डेटा शोधणाऱ्या आज्ञेने) शोधता आले असते. तेव्हापासून मी --हार्डऐवजी --कीप वापरतो. काढायच्या कमिट्सनी ज्या फाइलला हात लावलाय तिच्यातच आपले कच्चे बदल असतील, तर ते सरळ नकार देतं. बाकी फाइलमधले बदल जपतं.

रीफ्लॉगवर फार विसंबू नका. अशा सुटलेल्या कमिट्सची नोंद साधारण 30 दिवसच राहते, आणि तीही फक्त तुमच्या मशीनवर. त्यापेक्षा रिसेटआधी 'गिट ब्रँच जुनं' म्हणून एक खूण ठेवा. दोन सेकंदांचं काम आहे.

पुश झालंय आणि ब्रँच सामायिक आहे? मग रिव्हर्टच. ते जुनं कमिट तसंच ठेवून त्याच्या उलट बदलांचं नवं कमिट करतं. इथे रिसेट केलंत तर फोर्स पुश (सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदलणं) आलं, आणि सहकाऱ्याकडे जुनी कमिट्स असतील तर त्याच्या पुढच्या पुशबरोबर ती परत येऊन बसतात. ब्रँच फक्त तुमचीच असेल तर फोर्स पुश चालेल, पण --फोर्स-विथ-लीज लावून, म्हणजे मधल्या काळात सर्व्हरवर कुणाचं नवं काम आलं असेल तर पुश थांबतं.

रिव्हर्टची खरी अडचण मर्ज कमिटला (दोन ब्रँच एकत्र करणाऱ्या कमिटला) येते. '-एम 1' देऊन मुख्य बाजू कोणती ते सांगावं लागतं. आणि तीच ब्रँच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली तर जुने बदल येत नाहीत, कारण गिटच्या लेखी ते आधीच मर्ज झालेत. आधी त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करावं लागतं.

पासवर्ड पुश झाला असेल तर मात्र रिसेट आणि रिव्हर्ट दोन्हींचा विचार सोडा. रिव्हर्टनंतरही तो इतिहासात वाचता येतो, रिसेटनंतर कुणाच्या तरी क्लोनमध्ये (मशीनवरच्या प्रतीत) उरतो. आधी पासवर्ड बदला.