गिटार सर्व्हिसिंगला टाकली आणि ब्रिजचा ब्लॉकच बदलून आला

मी परभणीचा. लग्नसराईत आणि गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. माझी इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅटोकास्टर, मेक्सिकोत बनलेली, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने त्यात पूर्ण जाडीचा स्टीलचा ब्लॉक बसवला होता आणि मी पैसे मोजले ते मुख्यतः त्या ब्लॉकसाठीच. ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग; त्याच्या खाली, गिटारच्या पोटात बसणारा हा जड ठोकळा. तारा त्याच्यातूनच वर येतात.

एप्रिलमधल्या सलग कार्यक्रमांनंतर गिटार सुरात राहीना. आर्म, म्हणजे ब्रिजला लावलेली सूर खाली-वर करायची दांडी, एकदा दाबून सोडली की तारा उतरलेल्याच राहायच्या. मांडवातली धूळ आणि हाताचा घाम, दोन्ही ब्रिजवरच बसतं. ब्रिजवर प्रत्येक तार ज्या तुकड्यावर टेकते त्या सॅडलचे बारीक स्क्रू गंजून तांबूस झाले होते, एलन-की फिरत नव्हती. घरी हात लावायला मी भ्यायलो आणि इथेच चुकलो. रेल्वेने संभाजीनगर गाठलं आणि एका दुकानात गिटार दिली.

काउंटरवरच्या माणसाने मागचं झाकण उघडलं, स्प्रिंगा बघितल्या आणि मान हलवली. "सर, पूर्ण ट्रेमोलो सिस्टीम बसली आहे. स्प्रिंगा गेल्या, ब्रिज सडलाय. आठ दिवस लागतील." ट्रेमोलो म्हणजे आर्म, ब्रिज आणि स्प्रिंगा मिळून होणारी यंत्रणा. मी म्हणालो, समोर बसून बघतो. "कारागीर वर बसतो, गिऱ्हाइकाला वर सोडत नाही." मी बरं म्हणालो. फोटो काढला नाही, वजन केलं नाही, पावतीवर काही लिहून घेतलं नाही.

आठ दिवसांनी ३,८०० रुपये दिले. बिलावर एकच ओळ, 'गिटार रिपेअरिंग'. गिटार चकचकीत दिसत होती. वर एक नवी आर्म दिली, "ही आमच्याकडून भेट". मला तेव्हा बरं वाटलं.

त्या भेटीतच सगळं होतं. घरी येऊन जुनी आर्म लावायला गेलो तर ती नीट बसेना. भोकात सैल राहून डुगडुगायची. अमेरिका-मेक्सिकोच्या गिटारींत आर्मचे आटे इंची मापाचे असतात, स्वस्त ब्रिजमध्ये बहुतेक मेट्रिक. आटे बदलले, म्हणजे ब्लॉकच बदलला. नवी आर्म फुकट का दिली ते तेव्हा कळलं.

तरी मन मानत नव्हतं. संध्याकाळी रिहर्सलला आमच्या ढोलकीवाल्या काकांनी गिटार उचलली आणि म्हणाले, "अरं, ही हलकी लागायलीय की!" तार छेडली तर सूर पूर्वीसारखा टिकेना, लगेच विझायचा. घरी आलो. फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं, मागचं झाकण उघडून ब्लॉकला लावलं. स्टीलला ते टपकन चिकटायला हवं होतं. ते घसरून स्प्रिंगांवर जाऊन बसलं. मी तीन वेळा लावून बघितलं. ब्लॉक जस्ताच्या मिश्रधातूचा होता. आणि 'गेलेल्या' स्प्रिंगा? त्या जुन्याच होत्या, नुसत्या पुसलेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सेलू, परतूर, जालना करत गेलो. उत्तर ठरलेलं: "तुम्ही दिली तेव्हा अशीच होती." माझ्याजवळ फोटो नव्हता. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पण बिलावर ब्लॉकचा उल्लेखच नाही, तेव्हा हाताला फार काही लागेल असं वाटत नाही.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते हे, की मुळात काही बिघडलंच नव्हतं. नंतर मीच सतरंजीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. सहा तारांचा मिळून सुमारे ३८ किलोचा ताण असतो आणि मागच्या स्प्रिंगा उलट ओढून त्याचा तोल साधतात. म्हणून सगळ्या तारा एकदम काढल्या की ब्रिजची मागची कड खाली बसते. घाबरायचं नाही, कडेखाली पत्त्यांची जाड थप्पी सरकवली की तो जागेवर राहतो. जुन्या टूथब्रशने सॅडलमधली धूळ काढली. गंजलेल्या स्क्रूंना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब काडीने लावला, रात्रभर ठेवला, सकाळी एलन-की फिरली. तेल लाकडावर सांडू द्यायचं नाही, जास्तीचं लगेच टिपायचं. ब्रिज ज्या सहा स्क्रूंवर झुलतो त्यांच्या टेकायच्या जागीही थेंबभर. मग नटच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचांत पेन्सिलचं शिसं घासलं. सूर परत न येण्याचं कारण तिथेच होतं, तार खाचेत अडकत होती. एक रात्र आणि एक सकाळ, खर्च जवळजवळ शून्य.

दुकानात द्यायचीच असेल तर मागचं झाकण उघडून ब्लॉकचा फोटो त्यांच्यासमोरच काढा, चुंबक लावलेला. 'ब्रिज, ब्लॉक, सॅडल मूळचे' असं पावतीवर लिहून घ्या आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा. "सिस्टीम गेली" म्हणणाऱ्याला कोणता भाग, तो हातात घेऊन दाखव म्हणा. आपल्याकडे गिटारचे कारागीर मोजके, म्हणून आपण दबून बोलतो. मीही तेच केलं.

माझ्या ब्लॉकच्या खालच्या बाजूला, स्प्रिंगांच्या भोकांजवळ, आधीच्या मालकाने पंचने ठोकलेले तीन ठिपके आहेत, एका ओळीत, मधला जरा तिरका. संभाजीनगर, जालना, नांदेडकडे कुणाला सेकंडहँड स्टीलचा ब्लॉक विकायला आला तर तो उलटा करून बघा. ठिपके दिसले तर मला कळवा.