नाण्यावरचा थर काढताना: ॲसिटोन की ऑलिव्ह तेल?

माझ्याकडे जुनी नाणी आली ती दोन वाटांनी. आजीच्या देव्हाऱ्यातून व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे, म्हणजे राणीछाप, चांदीचे रुपये आले, दर लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू आणि तेल लागून लागून पिवळट झालेले. खानापूरकडच्या मामांच्या शेतातून शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, आल्या, मातीने आणि हिरव्या खड्यांनी भरलेल्या. दोन्ही साफ करायला मी ॲसिटोनही वापरलं आणि ऑलिव्ह तेलही. चिंच, लिंबू, राख मी धरतच नाही. पितळेच्या घागरीला ती चालतात, पण नाण्याचा वरचा पदरच जातो आणि तो परत येत नाही.

आधी थर कसला आहे ते बघा. नाणं खिडकीपाशी तिरकं धरून हळूहळू फिरवा. धातूवर नुसतं येऊन बसलेलं काही असेल तर ते अक्षरांवर साय धरल्यासारखं, थोडं धुरकट दिसतं. वर्षानुवर्षं हवेने चढलेला काळपट-निळसर रंग मात्र थर नव्हे. तो चांदीचाच झालेला असतो. त्याला हात लावू नका, जाणकार त्याचेच पैसे मोजतात. तिसरा प्रकार फसवा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर हिरवट, चिकट ओघळ येतात. ते पीव्हीसीचं प्लास्टिक असतं. ते मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य बाहेर झिरपतं, प्लास्टिक कुजताना आम्लही सुटतं आणि ते नाण्यातलं तांबं खातं. १९४० ते १९४५ चे सहाव्या जॉर्जचे रुपये निम्मेच चांदीचे, उरलेल्यात बहुतेक तांबं. माझे असले चार रुपये आमच्याकडच्या दोन पावसाळ्यांत अल्बममध्येच हिरवे झाले.

त्यातले दोन मी तेलात टाकले आणि दोन ॲसिटोनमध्ये.

तेलाचं नाणं तीन आठवड्यांनी काढून पुसलं तर इतकं सुंदर दिसलं की मी घरात सगळ्यांना दाखवलं. महिन्याभरात तेल उतरत गेलं आणि हिरवट झाक जिथल्या तिथे. तेलामुळे पृष्ठभाग ओला आणि चकचकीत दिसतो, खालचा थर नुसता झाकला जातो. थर गेला की लपला, हे तेल अंगावर असेपर्यंत कळतच नाही. शिवाय अक्षरांच्या खोबणीत बसलेलं ते तेल काढायला शेवटी ॲसिटोनच आणावं लागलं. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

ॲसिटोनने हे काम अर्ध्या तासात केलं. तासाभरात वाटी सुकली तेव्हा काचेवर हिरवट पिवळा कड उरला होता, म्हणजे काय निघालं ते डोळ्यांना दिसलं. आजीच्या रुपयांचं तर द्रावणच पिवळं झालं. हळदीचा रंग पाण्यात फारसा सुटत नाही, ॲसिटोनमध्ये लगेच सुटतो. चांदीशी ॲसिटोनची कसलीही क्रिया होत नाही, त्यामुळे जुना काळपट रंग जसाच्या तसा राहिला. एक रुपया मात्र आईने धुवू दिला नाही आणि मीही आग्रह केला नाही.

वापरताना काळजी हवी. नेलपॉलिश काढायचं द्रव आणू नका, त्यात सुगंध आणि तेलं मिसळलेली असतात. केमिकलच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन घ्या. वाटी काचेचीच घ्या, प्लास्टिकची विरघळू शकते. वाफ झटकन पेट घेते, म्हणून गॅस, निरांजन, उदबत्ती जवळ नको आणि खिडकी उघडी हवी. नाणं घासायचं नाही. बुडवायचं, उलटायचं, दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये एकदा धुवायचं आणि मऊ कापडावर तसंच वाळू द्यायचं.

तेलाला अगदीच बाजूला सारावं असं नाही. शिवरायांवरचा कडक हिरवा खडा ॲसिटोनला दाद देत नाही, कारण तो तांब्याचाच क्षार झालेला असतो. तिथे आधी मातीसाठी डिस्टिल्ड पाणी आणि मग तेल, असं मी करतो. महिने जातात, पण खडा सैल होतो आणि बांबूच्या काडीने अलगद सुटतो. ‘श्री राजा शिव’ मधला ‘श्री’ मला असाच दिसला. तेल थोडं आम्लधर्मी असल्याने तांबं गडद होतं, तेवढी किंमत माझ्या मते खणून निघालेल्या नाण्याला परवडते. पावडरीसारखं फिकट हिरवं काही पुसल्यावरही परत परत येत असेल, तर ते नाणं इतरांपासून वेगळं आणि कोरडं ठेवा. त्यावर या दोन्हींचा इलाज चालत नाही.

तुमच्याकडे चांदी जास्त असेल तर मी ॲसिटोनच म्हणेन. आणि धुतलेलं नाणं परत त्याच मऊ पाकिटात घालू नका. माझ्याकडून एकदा तसं झालं होतं, पुढच्या श्रावणात ओघळ पुन्हा उमटले.