तालुक्याचा अभिलेख कक्ष : नकलेला चार तारे, खिडकीला दोन

आण्णा गेल्यावर वारस नोंदीचं काम माझ्या गळ्यात पडलं. भाऊ नाशिकला, आणि 'ताईला वेळ असतो' हे सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यावर आमच्या दोन्ही आत्या 'इतर हक्क' रकान्यात, मालकांच्या नाही! आजोबांच्या वारस फेरफारात (वारसांची नावं चढवण्याच्या नोंदीत) त्यांची नावं तिकडे कशी सरकली, हे मूळ फेरफार पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणून तहसील.

खिडकीवर पहिला प्रश्न : "वारस दाखला आणलाय?" तो लागत नाही, हे आधी सांगते. फेरफार, सातबारा ही हक्काची नोंद आहे. नक्कल कुणीही मागू शकतो, नातं सिद्ध करावं लागत नाही. (आण्णा शिक्षक होते. त्यांच्या सेवापुस्तकासाठी नातं दाखवावं लागलं, ते रास्तच. पण हे ते नव्हे.) मी तसं म्हटल्यावर बाई आत विचारून आल्या आणि अर्ज घेतला. फलकावर ना फी लिहिलेली, ना वेळ. इथेच दोन तारे गेले.

आतले अभिलेखपाल मात्र सोन्यासारखे. आमच्या गावाचं नाव ऐकताच कुठल्या रॅकवर हात घालायचा हे त्यांना ठाऊक. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात असतो तो फेरफार क्रमांक. तो लिहून न्या, नाहीतर तेही काही करू शकत नाहीत. कापडात बांधलेलं दप्तर सोडून गाव नमुना सहाची, म्हणजे फेरफारांची वही समोर ठेवली, घाई केली नाही. मजकूर असा : "बहिणींनी हक्क नको असल्याचा जबाब दिला." फक्त जबाब. नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा उल्लेखच नाही. धाकटी आत्या अजून हयात आहे, तेव्हा आमच्या घरात यावर बरंच बोलणं व्हायचंय.

नक्कल स्वच्छ, शिक्का वाचता येणारा, दिलेल्या तारखेला हातात.

जाणाऱ्यांनी अर्जात 'फेरफार व सोबतचे जबाब, वर्दी, नोटिसा' असं स्पष्ट लिहा (वर्दी म्हणजे नोंदीसाठी दिलेली खबर). नुसतं 'फेरफार' लिहिलंत तर एकच पान मिळतं आणि बाकीच्यासाठी पुन्हा त्याच खिडकीशी उभं राहावं लागतं.