संयुक्त असमानतेचा ऑनलाइन पाठ: ‘आणि’ भक्कम, ‘किंवा’ अपुरा

संयुक्त असमानता, म्हणजे ‘आणि’ने अथवा ‘किंवा’ने जोडलेल्या दोन असमानता, सुट्या करून सोडवायला शिकवणारा हा ऑनलाइन पाठ मी सरावप्रश्नांसह पूर्ण केला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही, की −५ < ३ − २क्ष ≤ ९ अशी असमानता समोर येताच तो विद्यार्थ्याला आकडेमोडीकडे धावू देत नाही. मधली राशी दोनदा लिहून −५ < ३ − २क्ष आणि ३ − २क्ष ≤ ९ अशी मांडणी करायला लावतो, आणि मधला ‘आणि’ लिहिल्याशिवाय पुढची पायरी उघडतच नाही. पहिलीतून क्ष < ४ मिळते, दुसरीतून क्ष ≥ −३, म्हणून उकल −३ ≤ क्ष < ४. ऋण संख्येने भागल्यामुळे चिन्हे उलटतात आणि बरोबरीची मुभा उजव्या टोकाकडून डाव्या टोकाला येते, हे अशा मांडणीत स्पष्ट दिसते.

तिन्ही भागांवर एकदम क्रिया करूनही हे उदाहरण सुटते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पाठाने क्ष + १ < ३क्ष − ५ < २क्ष + ४ या उदाहरणातून दिले आहे. येथे चल तिन्ही भागांत असल्याने तो केवळ मध्ये एकटा उरेल असे करता येत नाही; सुट्या केल्यावर मात्र क्ष > ३ आणि क्ष < ९ सहज मिळतात. हे उदाहरण निवडणाऱ्या शिक्षकांचे मनापासून कौतुक वाटते.

संख्यारेषेवरील आकृत्या नीटस आहेत.

‘किंवा’चा भाग मात्र घाईत उरकला आहे. |क्ष − २| > ५ पासून क्ष < −३ किंवा क्ष > ७ मिळते. ते ७ < क्ष < −३ असे एकत्र लिहिले, तर पाठ उत्तर चूक ठरवतो, पण कारण सांगत नाही. वास्तविक अशा साखळीतून ७ < −३ हे असत्य विधान निघते, कारण तिच्यात ‘आणि’ गृहीत असतो. एवढे एक वाक्य तेथे हवेच होते. तसेच क्ष + ५ < २क्ष < क्ष + २ यासारखे, क्ष > ५ आणि क्ष < २ अशा परस्परविरोधी अटी देणारे, म्हणजे उकलच नसलेले एकही उदाहरण सरावात नाही.