इंग्लिश मेजर, पॉलिटिकल सायन्स मायनर: चार सेमनंतरचा अनुभव

चार सेम झाल्या, रिझल्ट लागला, केटी नाही, म्हणून आता जरा शांत डोक्याने लिहिते. ॲडमिशनच्या वेळी मी स्वतः हेच शोधत होते की इंग्लिश लिटरेचर आणि पॉलिटिकल सायन्स सोबत घेतलेलं कुणी आहे का आणि त्याचं पुढे काय झालं, आणि सापडलं ते सगळं एकतर "स्कोप काय" छाप नाहीतर यूपीएससी क्लासवाल्यांची जाहिरात.

आधी साचा सांगते. पुण्यातलं एक अफिलिएटेड कॉलेज, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली कुरकुर आहे. महाराष्ट्रात अफिलिएटेड कॉलेजांना २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं, त्यातली आमची पहिलीच बॅच, म्हणजे प्रयोग आमच्यावरच. एक मेजर म्हणजे मुख्य विषय, एक मायनर म्हणजे जोडविषय, आणि त्यांच्या भोवती ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी अशी इतर शाखांच्या, कौशल्यांच्या आणि भाषेच्या छोट्या कोर्सेसची बाराखडी. आमच्याकडे दर सेमला २२ क्रेडिट, तीन वर्षांचे १३२. आमची आत्येबहीण मुंबई विद्यापीठाची, तिच्या वेळी टीवायला तीन पेपर याचे तीन पेपर त्याचे अशी बरोबरीची वाटणी घेता यायची. आता मायनर म्हणजे खरंच मायनर आहे, मेजरच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे दोन्ही विषय सारखेच शिकायला मिळतील असं कुणी डोक्यात धरून आलं असेल तर तसं नाहीये. उरलेलं राज्यशास्त्र आपलं आपण लायब्ररीत बसून करायचं. मी केलं, पण ते मार्कशीटवर दिसत नाही.

मी बार्शीची, दहावीपर्यंत मराठी मिडियम. इंग्लिश मेजर घेतलं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की पोरगी आता फाडफाड इंग्लिश बोलणार. तसं काही होत नाही बरं का. साहित्य शिकवतात, बोलायला शिकवत नाहीत, ते मी हॉस्टेलच्या नागालँडच्या रूममेटकडून शिकले. पहिल्या सेमला एक दीडशे पानांची कादंबरी वाचायला मला पाच आठवडे लागले होते, डिक्शनरी मांडीवर घेऊन. आता तेवढ्याला तीन दिवस लागतात. ही एक गोष्ट शंभर टक्के फायद्याची, बाकी सगळ्याला जर-तर आहे.

ती पाच आठवडेवाली कादंबरी म्हणजे मुल्कराज आनंदांची अनटचेबल, १९३५ ची. बाखा नावाच्या सफाई करणाऱ्या मुलाचा एक दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. इंग्लिशच्या मॅडमनी कथेतला काळ, बाखाच्या डोक्यात चालणारे विचार कसे लिहिलेत, पंजाबी शिव्या इंग्रजीत कशा आणल्यात हे इतकं छान शिकवलं की मी पहिल्यांदा पुस्तकाच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहायला लागले. आणि साधारण त्याच महिन्यात पॉलिटिकलच्या तासाला गांधीजी आणि बाबासाहेबांमधला पुणे करार चालू होता. २४ सप्टेंबर १९३२, येरवडा, दलितांना स्वतंत्र मतदारसंघांऐवजी प्रांतांच्या विधिमंडळांत १४८ राखीव जागा. सर तारखा आणि आकडे फळ्यावर लिहीत होते आणि मी मनात बाखाचा शेवट चाळत होते. कादंबरीच्या शेवटी त्याच्यासमोर तीन वाटा येतात, मिशनरी, गांधीजींचं भाषण, आणि एक कवी येतो तो सांगतो की फ्लशचा संडास आला की हे काम जाईल. तीन वाटांत बाबासाहेबांची वाट नाही! करार होऊन तीन वर्षं झाली होती. आणि पुढच्याच वर्षी, १९३६ ला, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेलं जातिसंस्थेवरचं भाषण बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने छापलं. हे मी तासाला बोलले तर मॅडम म्हणाल्या चांगला प्रश्न आहे पण आपल्या युनिटमध्ये नाही. पॉलिटिकलच्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले कादंबरीचं काय एवढं, ती काल्पनिक असते.

आता तुम्हाला या कॉम्बिनेशनची खरी गोम कळली असेल. दोन्ही डिपार्टमेंट एकाच मजल्यावर, मध्ये पाण्याचा कूलर, आणि बोलणं शून्य. विषय सोबत घेतले म्हणून कुणी ते सोबत शिकवत नाही. जोडायचं काम आपलं, आणि त्याला मार्क नाहीत.

दुसरं उदाहरण तर मला अजून गमतीचं वाटतं. राजकीय विचारात मेरी वोलस्टनक्राफ्ट होती, १७९२ चा स्त्रियांच्या हक्कांचा ग्रंथ, फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणाऱ्या बर्कला दिलेलं उत्तर वगैरे. इंग्लिशला रोमँटिक पिरियडमध्ये मेरी शेलीची फ्रँकेन्स्टाइन, १८१८. दोन्हीकडे परीक्षेपुरत्या नोट्स काढून झाल्या तरी या दोघी मायलेकी आहेत हे मला कुणीच सांगितलं नाही! एका रात्री विकिपीडियावर कळलं. लेक जन्मल्यावर अकरा दिवसांत आई गेली. बाप विल्यम गॉडविन, तोही राजकीय विचारवंत, सरकार नावाची गोष्टच नको म्हणणारा, आणि लेकीने कादंबरी छापली तेव्हा स्वतःचं नाव टाकलं नाही पण अर्पण केली बापाला. त्यानंतर मी ती कादंबरी परत वाचली आणि तो राक्षस जे बोलतो ते वेगळंच ऐकू आलं, की मला जन्माला घातलंस तर माझी जबाबदारी कुणाची. हा प्रश्न राज्यसंस्थेलाही विचारता येतोच की. (हे मी पेपरात लिहिलं होतं. दहापैकी पाच.)

मार्कांचं आलंच आहे तर सांगून टाकते, सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला. दोन्ही विषयांची उत्तरं लिहायची रीत वेगळी आहे आणि हे पहिल्या वर्षी कुणी सांगत नाही. पॉलिटिकलला मी छान सलग निबंधासारखं लिहिलं, तर इंटर्नलच्या पेपरवर लाल पेनाने "मुद्दे कुठे आहेत?" मग शहाणी होऊन इंग्लिशच्या पेपरात मुद्दे पाडले, खाली रेघा मारल्या, तर मॅडम म्हणाल्या हे काय नागरिकशास्त्र आहे का. दोन सेम मी या पेपरची सवय त्या पेपरात नेत होते. शेवटी उपाय साधा निघाला, पॉलिटिकलचा पेपर मी एक सेम मराठीत लिहून बघितला. डोक्याचे दोन कप्पे झाले, इंग्लिशमध्ये साहित्य, मराठीत राज्यशास्त्र. मार्क वाढले. फक्त मराठी पुस्तकातले शब्द भारी जड, लेजिटिमसीला अधिमान्यता, हे पाठ करतानाच अर्धा दम जातो. पण एकदा जीभ वळली की अधिमान्यता या शब्दात कुणीतरी मान्य करायला लागतं हे आतच दिसतं, इंग्लिश शब्दात ते मला दिसत नव्हतं. पुढच्या सेमला परत इंग्लिशवर आले, कारण एमए करायचं तर वाचायचं सगळं त्यातच आहे.

कुरकुर पण लिहिते. टाइमटेबल. मेजर आणि मायनरचे तास एकमेकांवर चढतात, तिसऱ्या सेमला मंगळवारी माझं अर्धं आंतरराष्ट्रीय संबंध कायम बुडालं, ऑफिसात अर्ज दिला तर सांगितलं की तुमच्यासारखं कॉम्बिनेशन पाचच जणांचं आहे, पाच जणांसाठी टाइमटेबल बदलत नाही. मग ते कॉम्बिनेशन फॉर्मवर ठेवलं कशाला? मायनरचा सिलॅबस एकदा सेम सुरू होऊन महिना झाल्यावर हातात आला. आणि परीक्षेत एकाच दिवशी सकाळी दहाला कविता आणि दुपारी दोनला संविधान, मधल्या वेळात कॅन्टीनचा वडापाव खात कलमं पाठ करायची.

खर्च फार नाही. जुनी इंग्लिश पुस्तकं कॉपीराइट संपलेली, नेटवर फुकट. संविधान सभेतल्या चर्चाही फुकट वाचायला मिळतात, आणि पॉलिटिकल घेणाऱ्याने गाइड घ्यायच्या आधी त्या उघडाव्यात असं माझं ठाम मत आहे. बाकी अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड. दोन वर्षांत माझे पुस्तकांवर चारेक हजार गेले असतील, त्यात झेरॉक्स धरून.

आता ज्याच्यासाठी मी हे कॉम्बिनेशन परत घेईन ती गोष्ट. चौथ्या सेमला मायनरच्या इंटर्नलला प्रोजेक्ट होता, विषय आपला आपण निवडायचा. मी टिळकांचे राजद्रोहाचे खटले घेतले. सगळ्यांना वाटलं की तेच ते, स्वराज्य माझा जन्मसिद्ध हक्क. पण मी गेले ते भाषेच्या दाराने. १८९७ चा खटला बघा, त्यात पुरावा काय तर १५ जूनच्या केसरीत आलेली एक कविता, शिवाजीचे उद्गार, आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत. महाराज परत येऊन आपल्या देशाची दशा बघतात अशी ती कविता. म्हणजे मुंबईच्या हायकोर्टात न्यायाधीश, वकील, ज्युरी सगळे बसून एका मराठी कवितेचा अर्थ काढतायत, आम्ही वर्गात करतो तेच, फक्त इथे चुकीच्या अर्थाला तुरुंग आहे. कायद्यात शब्द होता डिसॲफेक्शन. न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी ज्युरीला सांगितलं की डिसॲफेक्शन म्हणजे ॲफेक्शनचा अभाव. झालं! सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा. एका उपसर्गाचा असा अर्थ लावला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी. ज्युरी सहा विरुद्ध तीन, दोषी म्हणणारे सहाही युरोपियन.

१९०८ चा तर अजून भारी. देशाचे दुर्दैव आणि हे उपाय टिकाऊ नाहीत, हे केसरीतले लेख कोर्टासमोर गेले ते इंग्रजी भाषांतरातून, आणि टिळकांनी स्वतः उभं राहून भाषांतरातल्या चुका काढल्या, की मूळ मराठीत हा शब्द इतका तिखट नाही, याला हा इंग्लिश शब्द लावताच येत नाही. एकवीस तासांच्या वर बोलले, अनेक दिवस मिळून. आणि समोर न्यायाधीश कोण तर दावर, ज्यांनी १८९७ ला वकील म्हणून याच टिळकांच्या जामिनासाठी अर्ज चालवला होता. सहा वर्षं, मंडाले. मी हे वाचत होते तेव्हा लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली होती, काका पंखे बंद करत होते आणि मला उठवेना. दोन वर्षं मी ज्या दोन गोष्टी शिकत होते, शब्द कसा वाचायचा आणि सत्ता कशी चालते, त्या तिथे एकाच टेबलावर होत्या, आणि तेही माझ्या भाषेतल्या शब्दांवरून. भाषांतराचा भाग मी इंग्लिशच्या मॅडमना दाखवला. त्यांनी पहिल्यांदाच कूलर ओलांडून पॉलिटिकलच्या सरांना गाठलं, दोघं दहा मिनिटं बोलले. काय बोलले माहीत नाही. मला वीसपैकी अठरा मिळाले.

लोक विचारतातच म्हणून, यूपीएससी. पॉलिटिकल सायन्स ऑप्शनल म्हणून चालतं, इंग्लिश लिटरेचरही ऑप्शनलच्या यादीत आहे, दोन पेपर मिळून ५०० मार्क. पण एकच घेता येतो, त्यामुळे दोन विषय म्हणजे दुप्पट फायदा हे गणित तिथे बसत नाही. निबंधाच्या पेपरला उपयोग होईल, होईल म्हणजे माझा अंदाज, मी अजून बसलेली नाही आणि बसेनच असंही नाही. मला नेट-सेट, म्हणजे कॉलेजात शिकवायच्या पात्रता परीक्षा, करून शिकवायचंय, किंवा भाषांतर. बाबांना हे अजून नीट सांगितलेलं नाही, ते बार्शीत सगळ्यांना कलेक्टरच सांगतात.

घ्यावं का? हळू वाचायची सवय असेल, निदान त्याचा कंटाळा नसेल, तर घ्या. फक्त इंग्लिश सुधारायला येत असाल तर स्पोकनचा क्लास लावा, स्वस्त पडेल. राजकारणावर वाद घालायला आवडतं म्हणून येणारेही जरा थांबा, आमच्या वर्गातली अशी तीन पोरं दुसऱ्या सेमलाच सोशिऑलॉजीकडे गेली, कारण इथे वादापेक्षा वाचन जास्त आहे. पहिल्या सेमला मार्क कमी पडतील, ते धरूनच चला. आणि ॲडमिशनला जाल तेव्हा काउंटरवर एकच विचारा, मेजर आणि मायनरचे तास एका वेळी येतात का. "बघू" म्हणाले तर येतात असं समजा.

हॉस्टेलला यंदा लातूरची एक मुलगी आलीय, सेम कॉम्बिनेशन घेऊन. तिला मी माझी अनटचेबल दिलीय. परवा रात्री साडेअकराला दार वाजवून विचारत होती, ताई, शेवटच्या पानावर पेन्सिलीने येरवडा लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय, ते काय आहे.