मणक्याच्या दुखण्यासाठी परभणीत बनवून घेतलेली गादी: चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

परभणीतल्या एका लहान गादी कारखान्यातून मी गेल्या वर्षी मार्चमध्ये ७२ बाय ३६ इंचांची, सहा इंच जाडीची एक गादी बनवून घेतली. खाली चार इंच रीबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून केलेला) फोम, वर दोन इंच ४० घनतेचा एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे लवचिक) फोम आणि त्यावर चेन लावलेली जाड सुती खोळ, अशी तिची रचना आहे. पावतीसह ९,२०० रुपये लागले. माझ्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती सरकलेली असून डाव्या पायात कळ उतरते. अशा माणसाला या गादीने काय दिले आणि काय दिले नाही, हे चौदा महिने वापरून झाल्यावर सविस्तर सांगावेसे वाटते, कारण खरेदीच्या वेळी मला असे कोणी सांगितले असते तर माझे दोन वर्षांचे हाल आणि बरेच पैसे वाचले असते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सोळा वर्षे रोज एसटीच्या मागच्या सीटवर बसून, खड्ड्यांतून आदळत शाळा गाठली, आणि चाळिशी उलटल्यावर मणक्याने दाद मागितली. एमआरआय झाल्यावर घरातल्या आणि शेजारच्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: गादी सोड, फळीवर झोप. मीही तो निमूटपणे ऐकला आणि सहा महिने फरशीवर सतरंजी व एक वाकळ एवढ्यावरच काढले. पाठीवर पडून राहिले की सुरुवातीला बरे वाटे, परंतु मला झोप लागते ती कुशीवर, आणि कुशीवर वळले की खांदा आणि खुबा फरशीला टेकून ठणकायला लागत. पहाटे चारला जाग यायची ती कमरेमुळे की खुब्यामुळे, हेच मला कळेनासे झाले होते.

यामागचे कारण मला फिजिओथेरपिस्टने समजावून सांगितले. पाठीचा कणा सरळ काठीसारखा नसतो, मानेशी आणि कमरेशी तो पुढे झुकलेला असतो आणि मधल्या पाठीत मागे फुगलेला. सपाट फळीवर पाठ टेकली की कमरेखाली पोकळी राहते आणि ती पोकळी सांभाळण्यासाठी कमरेचे स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा रुंद, कंबर अरुंद, त्यामुळे गादीने खांद्याला आणि खुब्याला थोडे आत घेतले नाही तर कणा धनुष्यासारखा वाकतो. गादी फार मऊ असेल तर हेच उलट घडते, म्हणजे जड असलेला खुबा खोल जातो आणि कणा झोळीसारखा लोंबतो.

हे माझ्या मुलीने मला प्रत्यक्ष दाखवले. माझ्या कुर्त्यावर मानेपासून माकडहाडापर्यंत कण्याच्या रेषेत तिने लाल टिकल्या चिकटवल्या, मला कुशीवर झोपायला लावले आणि पाठीमागून मोबाइलवर फोटो काढला. आमच्या जुन्या कापसाच्या गादीवरच्या फोटोत टिकल्यांची रांग वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी मध्ये खाली आलेली होती, तर फरशीवरच्या फोटोत ती वरच्या बाजूला उचललेली होती. पुढे प्रत्येक गादी मी याच टिकल्यांनी पारखली, आणि मणक्याचा त्रास असलेल्या प्रत्येकाने एकदा तरी हा प्रयोग करून पाहावा असे मला मनापासून वाटते.

कडक गादीच चांगली, ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या, परंतु दुखण्याचे नेमके कारण न सापडलेल्या ३१३ जणांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या होत्या, आणि ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे व रोजची अडचण अधिक कमी झालेली आढळली. माझ्यासारख्या सरकलेल्या चकतीच्या रुग्णांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, तरीही ‘जितकी कडक तितकी उत्तम’ हा आग्रह सोडायला मला त्याची मोठी मदत झाली.

फरशीनंतर मी ऑनलाइन एक मेमरी फोमची गादी मागवली. गुंडाळून, हवा काढून खोक्यात आलेली ती गादी जानेवारीत, पारा दहाच्या खाली गेलेला असताना, दगडासारखी वाटली, आणि एप्रिलमध्ये तिच्यात मी रुतायला लागले. मेमरी फोमचा गुणधर्मच असा आहे की तो उष्णतेने मऊ आणि थंडीने ताठ होतो. बाराही महिने वातानुकूलित खोलीत झोपणाऱ्यांना हे जाणवत नसेल, परंतु बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, रात्री दोनला वीज जाऊन कूलर बंद पडतो अशा आमच्या घरात तो फरक फार मोठा होता. शिवाय अंग चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या त्या फोमवर कूस बदलायला जोर लावावा लागे, आणि कळ उतरलेल्या पायाच्या माणसाला कूस बदलणे हेच रात्रीचे सर्वांत अवघड काम असते. परत करण्याची मुदत होती, पण एकदा फुगलेली गादी मूळ खोक्यात परत मावत नाही. कंपनीने चार वेळा माणूस पाठवतो म्हटले, आणि मुदत संपल्यावर फोन उचलणे बंद केले. ती गादी आता पाहुण्यांच्या खोलीत आहे.

कापसाच्या गादीबद्दल मात्र चार चांगले शब्द लिहायलाच हवेत. कापसाच्या मुलखात राहून तिला सरसकट वाईट ठरवणे योग्य होणार नाही. नुकतीच पिंजून, टाके घालून आलेली चार इंची गादी उन्हाळ्यात थंड राहते, घाम शोषते आणि पहिले दोन-तीन महिने पाठीला सुरेख आधार देते. त्यानंतर कापूस दबतो, खुब्याखाली खड्डा आणि बाजूला गोळे होतात, आणि दर वर्षी ती पुन्हा पिंजून घ्यावी लागते. पूर्वी पिंजारी दारात येऊन पिंजण वाजवत हे काम करत, आता गादी उचलून यंत्रापर्यंत न्यावी लागते, आणि कंबर दुखणाऱ्या बाईला ते जमत नाही. आठवड्याला ऊन दाखवायला कोणी हाताशी असेल तर अजूनही तिचा विचार करायला हरकत नाही.

शेवटी एका सहकारी शिक्षकांनी सांगितलेल्या कारखान्यात गेले. त्याआधी शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात ‘ऑर्थो’ असा शिक्का असलेल्या गाद्या पाहिल्या होत्या. या शब्दामागे नेमके काय आहे असे विचारले तर विक्रेत्याला सांगता येईना, कारण कोणतीही कंपनी आपल्या गादीवर हा शब्द छापू शकते. कारखान्याचे मालक साठीचे गृहस्थ आहेत. मी कडक गादी मागताच ते म्हणाले, “बाई, कडक तर सगळेच मागतेत. आधी पंधरा मिनिटं कुशीवर पडा, मग बोलू.” पंधरा मिनिटे निवांत पडू देणारे दुकान मला तोपर्यंत भेटले नव्हते. इतरत्र हाताने दाबून पाहा म्हणत, आणि हाताने दाबून गादीबद्दल काहीही कळत नाही. पाठीवर झोपून कमरेखाली तळहात घालून पाहावा: तो सैल आरपार गेला तर गादी कडक, अजिबात शिरला नाही तर फार मऊ, आणि अंगाला घासत शिरला तर बरोबर, हे मला तिथेच कळले.

त्यांनी तयार गादीची चेन उघडून आतले थर दाखवले. रीबॉन्डेड फोम म्हणजे फोमच्या कातरणांचे रंगीबेरंगी तुकडे दाबून, चिकटवून केलेला जड थर. तो कडक असतो, सहज दबत नाही आणि पाया म्हणून चांगला असतो, पण त्यावर थेट झोपणे फळीवर झोपण्यासारखेच आहे. त्यावरचा एचआर फोम लवचिक असतो, दाबला की लगेच वर येतो. या वरच्या थराची घनता सर्वांत महत्त्वाची, आणि फसवणूकही तिथेच होते. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जास्त घनतेचा फोम मऊही असू शकतो, परंतु कमी घनतेच्या फोममध्ये माल कमी असल्याने तो लवकर बसतो आणि वर्षभरात खुब्याच्या जागी खड्डा पडतो.

ही घनता वजनकाट्यावर तपासता येते, आणि मी ती तपासली. ७२ बाय ३६ इंचांच्या, दोन इंच जाड शीटचे वजन ४० घनतेला सुमारे तीन किलो चारशे ग्रॅम भरायला हवे. या कारखान्यातली शीट मी काट्यावर ठेवून घेतली तेव्हा तीन किलो तीनशे भरली. आधीच्या दुकानात ‘चाळीसची’ म्हणून दाखवलेली याच मापाची शीट दोन किलो चारशे भरली होती, म्हणजे ती २८ घनतेची होती. काही ठिकाणी खडूसारखी भुकटी मिसळूनही फोमचे वजन वाढवतात, म्हणून काट्याच्या जोडीला कापलेली कड बोटांनी चोळून पाहावी. पांढरी धूळ हाताला लागली तर तो फोम घेऊ नये. घनतेचा आकडा पक्क्या पावतीवर लिहून घ्यावा, नुसते ‘सॉफ्ट’ किंवा ‘ऑर्थो’ असे लिहू देऊ नये.

मालकांनी माझे वजनही विचारले. मी ५४ किलोंची आहे आणि माझे यजमान ८५ किलोंचे. जी गादी मला मध्यम वाटते तीच त्यांना मऊ वाटणार, म्हणून मोठी एकच गादी न घेता ३६ इंचांच्या दोन वेगळ्या गाद्या शेजारी ठेवाव्यात, हा त्यांचा सल्ला मला सर्वांत उपयोगी पडला. यजमान कूस बदलतात तेव्हा माझी बाजू आता हलत नाही.

गादीइतकेच लक्ष तिच्या खालच्या पलंगाकडे द्यायला हवे. आमच्या दिवाणाची प्लायची फळी मध्ये वाकलेली होती. ती बदलून मधोमध एक आडवी पट्टी ठोकून घेतली नसती तर नवी गादीही महिन्याभरात वाकली असती. उंचीचाही विचार करावा लागला. दुखणाऱ्या माणसाने उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि कोपराच्या जोरावर उठून बसावे, आणि त्या वेळी दोन्ही तळपाय जमिनीला टेकायला हवेत. आमचा दिवाण पंधरा इंचांचा असल्यामुळे मी आठ इंची गादी नाकारली आणि सहा इंची घेतली. या गादीची कड बसल्यावर खचत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

पोहोचवण्याच्या बाबतीत मात्र कारखान्याने निराश केले. गादी दुमडून, सुतळीने आवळून ऑटोत घालून पाठवली, आणि नेमकी कमरेच्या जागी आडवी घडी पडली. पहिले दोन आठवडे ती घडी पाठीला टोचत होती. तक्रार केल्यावर त्यांनी वरचा थर विनामूल्य बदलून दिला, पण त्यासाठी मला तीनदा चकरा माराव्या लागल्या. रीबॉन्डेड थराची गादी नेहमी सपाट, छोट्या हत्तीतूनच (लहान टेम्पोतूनच) मागवावी.

आता चौदा महिन्यांचा हिशोब. पहिला आठवडा अंग अवघडले. तिसऱ्या आठवड्यापासून पहाटेची जाग कमी झाली, आणि सकाळी चप्पल घालायला वाकता येण्यापूर्वी जो अर्धा तास लागे तो दहा मिनिटांवर आला. पायातली कळ गादीने गेली नाही, ती व्यायामाने आणि औषधाने हळूहळू कमी झाली. गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपण्याची सवय नसती तर गादीचाही निम्माच उपयोग झाला असता. खुब्याच्या जागी पट्टी ठेवून मोजले तर अर्ध्या इंचाहून कमी दबलेले आहे. मे महिन्यात ती कापसापेक्षा गरम वाटते, त्यावर मी एक पातळ सुती गोधडी अंथरते. गादीचे वजन वीस किलोंच्या आसपास असल्यामुळे दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करायला दोन माणसे लागतात. ज्यांना पायात बधिरपणा वाढतो आहे, पायातला जोर कमी होतो आहे किंवा लघवीवरचा ताबा सुटतो आहे, त्यांनी गादीच्या दुकानात वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

सासूबाईंना पाठीला पोक आहे, वजन जेमतेम चाळीस किलो, आणि त्या आयुष्यभर जमिनीवर झोपल्या. माझ्या गादीवर दुपारी पडल्या तेव्हा म्हणाल्या, “पोरी, माझ्या हाडाला ही बी टोचती गं.” त्यांचे बरोबर होते. टिकल्या लावून पाहिले तर त्यांचा खांदा वरच राहत होता. त्यांच्यासाठी मागच्या आठवड्यात त्याच कारखान्यात दुसरी गादी सांगितली आहे: खाली तीन इंच रीबॉन्डेड, वर तीन इंच मऊ जातीचा एचआर फोम, आणि पोहोचवताना दुमडायची नाही, हे पावतीवर लिहून घेतले आहे.