स्वस्त स्पोर्ट्स कार घेताय? काटकसर कुठे झाली ते आधी बघा

स्पोर्ट्स कार फार खपत नाही. नवी गाडी घडवण्याचा खर्च थोड्याच गाड्यांवर पडतो आणि किंमत तिथेच फुगते. तरीही अमेरिकेत टोयोटा जीआर ८६ आणि माझदा एमएक्स-५ मियाटा या दोन्ही ३० हजार डॉलरच्या आसपास सुरू होतात. (भारतात दोन्ही अधिकृतपणे मिळत नाहीत.) कंपनीने पैसे कुठे वाचवले हे कळलं, की निवड सोपी होते.

टोयोटाने सुबारू या जपानी कंपनीला खर्चात भागीदार घेतलं. सुबारू बीआरझेड ही जीआर ८६ची जुळी बहीण. दोघी जपानमधल्या सुबारूच्याच गुन्मा कारखान्यात तयार होतात. २.४ लिटरचं बॉक्सर इंजिनही (यात सिलिंडर समोरासमोर आडवे असतात) सुबारूचं. २०१२च्या पहिल्या पिढीला तर प्रियस या टोयोटाच्याच हायब्रिड गाडीवर येणारे मिशलिन प्रायमसी टायर दिले होते. पकड बेताची, त्यामुळे बेताच्या वेगातही वळणावर गाडीचा मागचा भाग सरकायचा, आणि चालवणाऱ्यांना तेच आवडलं! आतलं प्लास्टिक साधंच आहे, पण लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारा भाग) बेस मॉडेललाही मिळतं. पैसा योग्य जागी घातलाय.

माझदाने वजनाला हात घातला. मियाटा साधारण १,०६० किलोची, जीआर ८६ त्याहून दोनशे किलोंनी जड. गाडी हलकी म्हणून २ लिटरचं इंजिन पुरतं, ब्रेक लहान चालतात, चाकाला पाचऐवजी चारच नट लागतात. कापडी टपाला मोटर नाही. खटका सोडवून हाताने मागे ढकलायचं, बसल्या जागी होतं. ही काटकसर मला सगळ्यात पटते, कारण तिचा फायदा पुढेही मिळत राहतो: लहान टायर बदलायला स्वस्त पडतात. भागीदारीचा मार्ग माझदानेही वापरला होता. फियाट १२४ स्पायडर काही वर्षं हिरोशिमात मियाटाच्याच सांगाड्यावर बनत होती.

घरात एकच गाडी असणार असेल तर जीआर ८६ घ्या. मागच्या सीटवर मोठी माणसं बसणं कठीण, पण ती आडवी केली की रेसिंग ट्रॅकसाठीचे चार टायर मावतात. रोजच्या कामाला दुसरी गाडी असेल तर माझं मत निःसंशय मियाटाला. मात्र ती ट्रॅकवर न्यायची असेल तर 'क्लब' मॉडेलची किंमत धरून हिशेब करा. सगळ्यात स्वस्त 'स्पोर्ट' मॉडेलमध्ये ते लिमिटेड स्लिप डिफरन्शियल मिळत नाही.